शेडकार्ड

अठरा वर्षं मी रंगखात्यात आहे,
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या सुताला रंग देतो.
लाल म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.
मरून, विटकरी, टोमॅटो, डाळिंबी,
व्यापारी बोटभर चिंधी पाठवतो
आणि मी नुसतं बघून सांगतो
किती ग्रॅम कमी पडलं.

घरात मात्र माझं लक्ष नव्हतं.

बिराजदार सिस्टरनी नागमणीच्या बोटाला सुई टोचली,
थेंब कागदावर टिपला,
अर्धा मिनिट थांबल्या.
मग पर्समधून कार्ड काढलं,
आमच्याकडे असतं तसंच:
लालच्या पट्ट्या, एकीखाली एक, शेजारी आकडे.
त्या कागद सरकवत होत्या
आणि मला आधीच दिसलं होतं.
शंभरदा धुतलेल्या टॉवेलचा लाल.
"सात," त्या म्हणाल्या. "पाचवा ना?"

नागमणी काही बोलली नाही.
तिला घरी जाऊन अजून सहाशे विड्या वळायच्या होत्या.

गोळ्या मिळाल्या. लाल, चकचकीत.
आत लोखंड, ती म्हणाली, खिळा चघळल्यासारखं.
मळमळ, शी काळी,
आणि दिवसभर मांडीवरच्या सुपातून जर्द्याचा वास.
"वद्दु," म्हणायची. नको.
आमच्या घरी हिशेब मराठीत होतो, हट्ट तेलुगूत.

एका रविवारी सुपातली पानं उलटली.
तळाशी, दोऱ्याच्या रिळामागे, अकरा गोळ्या.
आणि एका पुडीत पाटीवरच्या पेन्सिली, कुरतडलेल्या.
आमच्या घरात शाळेत जाणारं अजून कुणी नाही.

मी ओरडणार होतो. तोंडही उघडलं होतं.
ती खाली बघत म्हणाली,
"भिंत ओली झाली की तीपण खावीशी वाटते.
वेड लागलंय का मला?"

वेड नाही, सिस्टर म्हणाल्या,
रक्त मागतंय. काय हवंय ते त्याला
नीट सांगता येत नाही, एवढंच.

टाकीपाशी उभं राहून हे मला कळायला हवं होतं.
रंग नुसता ओतला म्हणून सुतात बसत नाही.
मीठ लागतं, सोडा लागतो, पाणी कोमट लागतं,
आणि घाई केली की पहिल्याच धुण्यात निघून जातो.
गोळीला लिंबू लागतं. चहा चालत नाही.
चहाशिवाय विडी कशी वळायची, तिनं विचारलं.
मग मीही चहा सोडला.
खोटं कशाला सांगू, कारखान्यात प्यायचो.

अम्मा म्हणाली, या गोळ्यांनी पोर काळं निपजतं.
मी म्हटलं, निपजू दे.
काळा सगळ्यात पक्का.

सातव्या महिन्यात आठ पॉइंट एक.
तेवढ्यानं भागेना, सिव्हिलला बोलावलं.
सलाइनच्या बाटलीत तपकिरी गढूळ पाणी,
शिफ्ट सुटताना टाकीच्या तळाला उरतं तसं,
नळीतून थेंब थेंब.
तिची मोकळी बोटं थांबत नव्हती,
चादरीची कडा विडीसारखी वळत होती.
"असलं आत घालून लाल कसं होणार?"
मी म्हटलं, काही रंग असेच असतात,
टाकीत एक दिसतात,
हवा लागली की दुसरेच होतात.
मला तरी काय माहीत.

आता रोज रात्री मोबाइलचा उजेड लावून
तिची खालची पापणी ओढून बघतो.
ती वैतागते.
काल बराच वेळ बघितलं. डाळिंबी नाही अजून.
पण पट्टी सरकली आहे.
अशी चिंधी आली असती तर व्यापाऱ्याला फोन केला असता,
जवळ आलोय,
आणखी एक हात द्यावा लागेल.

"झोप आता," ती म्हणाली, "घेतली गोळी.
सूप उलटून बघ हवं तर."

मी उलटून बघितलं.
दोरा. कात्री. पानं.